हॉटेल घ्यावं की भाड्याचं घर? दोन्हीकडे भरपूर राहून झाल्यावरचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगून टाकते, कारणं नंतर वाचा. एक ते तीन रात्री असतील, उशिरा पोचणार असाल किंवा एकटं जायचं असेल तर सरळ हॉटेल घ्या. आठवडाभर एकाच ठिकाणी राहायचंय, चार-पाच माणसं आहेत, सोबत लहान मूल आहे किंवा घरातलं कुणी वयस्कर आहे तर भाड्याचं घर घ्या, पण मालक नाहीतर त्याचा माणूस हाकेच्या अंतरावर आहे याची खात्री करूनच. हे मी दहा-बारा वर्षं दोन्हीकडे राहून सांगतेय, ऑफिसच्या कामाला एकटी गेले तेव्हाचं आणि नवरा, दोन मुलं, सासूबाई असे पाचजण मिळून फिरलो तेव्हाचं, दोन्ही अनुभव धरून. एखाद्या ठरावीक हॉटेलचा किंवा फ्लॅटचा रिव्ह्यू कुठेही मिळतो, मला या दोन प्रकारांचाच रिव्ह्यू लिहायचाय कारण बुकिंग करताना खरा गोंधळ तिथे होतो.

आमच्याकडे प्रत्येक ट्रिपच्या आधी हाच वाद. नवरा म्हणतो घर घेऊ, सासूबाई म्हणतात हॉटेल बरं बाई, निदान विचारायला माणूस तरी असतो. आणि खरं सांगते, इतक्या वर्षांत सासूबाईंच्या त्या एका वाक्यापेक्षा जास्त कामाचं मी कुठल्याही साईटवर वाचलेलं नाही.

त्यामागे एक रात्र आहे. विमान लेट झालं, टॅक्सीने उतरलो तेव्हा रात्रीचा एक वाजून गेलेला. बुकिंग एका फ्लॅटचं होतं, चेक-इन आपलं आपण करायचं, म्हणजे बाहेरच्या रेलिंगला चावीची छोटी पेटी लावलेली असते, चार आकडे फिरवायचे की उघडते आणि आत चाव्या. मोबाईलच्या टॉर्चमध्ये आकडे लावले, पेटी पटकन उघडली, आत दोन चाव्या, मला हायसं वाटलं. पण दोन्हीपैकी एकही चावी बिल्डिंगच्या मेन दाराला लागेना. उलटी घालून बघितली, दार ओढून धरून फिरवली, नवऱ्याने खांदा लावून बघितला, काही नाही. होस्टला, म्हणजे घर भाड्याने देणाऱ्याला मेसेज केला, पोचला पण वाचला नाही. फोन केला, बंद. ज्या ॲपवरून बुकिंग केलेलं त्यांच्या हेल्पलाईनवर पंचवीस मिनिटं तीच ट्यून ऐकली, मग एक मुलगी अगदी गोड आवाजात म्हणाली की आम्ही होस्टशी संपर्क करायचा प्रयत्न करतोय. धाकटा माझ्या खांद्यावर झोपलेला, मोठी सुटकेसवर बसून पेंगतेय, सासूबाई भिंतीला टेकून उभ्या कारण खाली बसल्या की गुडघ्यांमुळे परत उठता येत नाही. पाऊण तासाने दुसऱ्या मजल्यावरच्या एक बाई खाली आल्या, अंगावर शाल, डोळ्यांवर झोप, काही न विचारता दार उघडलं. मोडक्यातोडक्या भाषेत एवढं कळलं की बिल्डिंगच्या लोकांनी आठवड्यापूर्वी कुलूप बदललंय, त्या होस्टला सांगितलंय, आणि आम्ही त्या महिन्यात असे बाहेर अडकलेले तिसरे.

होस्टने सकाळी नऊ वाजता माफी मागितली, नवी चावी पाठवली, सगळं झालं. फ्लॅट आतून छान होता, फोटोत होता तस्साच. पण रिव्ह्यू लिहायला बसले तेव्हा स्टार किती द्यायचे ते मला सुचेना, कारण तक्रार फ्लॅटबद्दल नव्हतीच. रात्री एक वाजता तिथे कुणी नव्हतं, ही तक्रार होती.

हॉटेलमध्ये आपण पैसे नेमके कशाचे देतो ते मला त्या रात्री कळलं. खोली, पांढऱ्या चादरी, छोट्या बाटल्यांतला शांपू हे सगळं दिसतं म्हणून त्याची चर्चा होते. पैसे असतात ते काउंटरमागे रात्रभर जागा असलेल्या माणसाचे. एका हॉटेलात रात्री साडेअकराला एसीमधून पाणी गळायला लागलं, थेट गादीवर, मी खाली फोन केला, पाच मिनिटांत एकजण वर आला, बघितलं, म्हणाला मॅडम सामान उचलू नका मी नेतो, आणि वीस मिनिटांत आम्ही दुसऱ्या खोलीत. तेच भाड्याच्या घरात झालं असतं तर? दुसरी खोलीच नसते ना. बादली लावायची आणि सोफ्यावर झोपायचं. हॉटेलने जास्तीचं बुकिंग घेतलं आणि खोली उरली नाही तर चांगली हॉटेलं स्वतःच्या खर्चाने दुसऱ्या हॉटेलात सोय करून देतात, टॅक्सीसकट. घरमालकाने आदल्या दिवशी बुकिंग कॅन्सल केलं तर पैसे परत मिळतात हो, पण ऐन सीझनमध्ये त्या पैशात तेवढं घर कुठून आणणार?

आता कुणी म्हणेल तुला एक वाईट अनुभव आला म्हणून तू हॉटेलवाल्यांची बाजू घेतेयस. अजिबात नाही. आमच्या सगळ्यात सुखाच्या सुट्ट्या भाड्याच्या घरातच झाल्यात आणि हॉटेलने मला वेगळाच त्रास दिलाय, तोही सांगते.

लहान मूल घेऊन हॉटेलच्या एका खोलीत राहिलेल्या आयांना हे लगेच पटेल. मूल आठ वाजता झोपतं. त्यानंतर त्या खोलीत दिवा लावायचा नाही, टीव्ही नाही, बोलायचं ते कुजबुजत. मी आणि नवरा कितीतरी रात्री बाथरूमचा दिवा लावून, दार किंचित उघडं ठेवून, त्या पट्टीभर उजेडात जमिनीवर बसून मोबाईल बघत काढल्यात. तीन रात्री ठीक आहे, सहाव्या रात्री माणूस वैतागतो. दोन खोल्या घेतल्या तर त्या शेजारी-शेजारी मिळतील याची खात्री नाही, मधून दार असलेल्या खोल्या मागितल्या तर बहुतेक ठिकाणी उत्तर एकच, रिक्वेस्ट नोंदवतो, उपलब्धतेनुसार देऊ. एकदा आम्हाला एक खोली तिसऱ्या मजल्यावर आणि दुसरी सातव्या मजल्यावर मिळाली, सासूबाई आणि मोठी मुलगी वर, आम्ही खाली, आणि रात्री त्यांना बरं वाटत नव्हतं ते आम्हाला सकाळी कळलं. त्या म्हणाल्या उगाच कशाला उठवायचं. घरात असतो तर पलीकडच्या खोलीतून नुसता खोकला ऐकूनही मी उठले असते.

म्हणून पुढच्या मोठ्या सुट्टीला नऊ रात्री घर घेतलं. मालकीणबाई खालच्या मजल्यावरच राहायच्या, स्वतः दार उघडलं, गॅस कसा लावायचा, गरम पाण्याचा नळ आधी खळखळतो मग येतो, खिडकीची वरची कडी घट्ट आहे, हे सगळं स्वतः फिरून दाखवलं. त्या घरात एक मोठं जेवणाचं टेबल होतं, लाकडी, एका कोपऱ्यावर कुणा मुलाने पेनने काढलेली रेघ. नऊ दिवस आमचं सगळं त्या टेबलावर झालं. मुलांची चित्रं, नवऱ्याचं लॅपटॉपवरचं काम, नकाशे, वाळत घातलेले मोजेसुद्धा. वॉशिंग मशीन होतं म्हणून पाच माणसांचे नऊ दिवसांचे कपडे दोन बॅगांत बसले. सासूबाई सकाळी लवकर उठायच्या, खिडकीशी खुर्ची ओढून बसायच्या, खालून शाळेत जाणारी मुलं बघायच्या आणि चौथ्या दिवशी त्यातली दोन मुलं त्यांना हात करायला लागली. हॉटेलच्या लॉबीत बसून हे होत नाही.

आणखी एक गोष्ट जी कुठे लिहिलेली सापडत नाही. सासूबाई इन्सुलिन घेतात. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावं लागतं आणि ते गोठलं तर फेकून द्यावं लागतं. हॉटेलच्या खोलीतला तो छोटा फ्रिज पुष्कळदा नुसता गारवा देतो, नेमकं तापमान राखेलच असं नाही, आणि खोलीची वीज कार्डावर चालत असेल तर कार्ड काढून बाहेर पडलात की काही ठिकाणी फ्रिजही बंद होतो. घरात मात्र नेहमीचा मोठा फ्रिज असतो, औषध मधल्या कप्प्यात, फ्रीझरपासून लांब ठेवायचं की झालं. हॉटेलात राहायचं असेल तर रिसेप्शनला आधीच विचारा, औषधं त्यांच्या फ्रिजमध्ये ठेवून देतात बऱ्याच ठिकाणी, मात्र फ्रीझरमध्ये ठेवू नका असं कागदावर लिहून डब्यावर चिकटवा. मी दरवेळी चिकटवते.

आता पैशांचं. इथे सगळ्यात जास्त फसगत होते कारण आपण एका रात्रीचा आकडा बघतो. फक्त समजायला म्हणून घराचं एका रात्रीचं भाडं १०० धरा, हॉटेलच्या खोलीचं १३०. घर स्वस्त वाटलं ना? आता घराला साफसफाईचे ८० लावा, ते एकदाच लागतात मग तुम्ही एक रात्र राहा की दहा, आणि वर १५ टक्के सर्व्हिस फी धरा. दोन रात्रींचे झाले ३२२, म्हणजे रात्रीला १६१. हॉटेलचे दोन रात्रींचे २६०. तेच आठ रात्री केलं तर घराचे होतात १०१२, म्हणजे रात्रीला साधारण १२६, आणि हॉटेलचे १०४०. म्हणजे दोघांसाठी आठवड्याच्या आसपास कुठेतरी काटा फिरतो. आम्ही पाचजण असलो की हॉटेलच्या दोन खोल्या लागतात, मग पैशात घर पहिल्या रात्रीपासूनच स्वस्त पडतं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. तरी दोन रात्रींसाठी मी आता घर घेत नाही कारण चावी, कोड, कचरा, गरम पाण्याचं बटण हे सगळं समजून घेईपर्यंत निघायची वेळ होते.

हॉटेलवाले यात साधुसंत आहेत असं नाही. रिसॉर्ट फी म्हणजे हॉटेलच्या सोयींसाठी भाड्यावर लावलेले सक्तीचे पैसे, पार्किंग, जास्तीच्या गादीचे पैसे, हे पण शेवटच्या पानावरच उगवायचं. निदान अमेरिकेत तरी १२ मे २०२५ पासून नियम लागू झालाय की मुक्कामाच्या जागेची जाहिरात करताना सक्तीची सगळी फी धरूनच आकडा दाखवायचा, आणि तो नियम हॉटेल आणि भाड्याचं घर दोघांनाही आहे. घरं भाड्याने मिळवून देणाऱ्या एअरबीएनबी साईटने पण २०२५ मध्येच जगभर फी धरून एकूण रक्कम आधीच दाखवायला सुरुवात केली, टॅक्स मात्र काही देशांत अजून वेगळा दिसतो. त्यामुळे माझी सवय अशी की दोन्हीकडे तारखा टाकून अगदी शेवटच्या पानापर्यंत जायचं, पैसे भरायच्या आधीची रक्कम कागदावर लिहायची आणि माणशी एका रात्रीचे किती ते काढायचं. दहा मिनिटांचं काम आहे पण अख्खा वाद मिटतो.

चेकआऊटच्या कामांवर मला थोडं रागावून लिहायचंय. साफसफाईची फी घेतल्यावर चादरी काढून मशीनला लावा, भांडी धुवून लावून ठेवा, कचरा तीन वेगळ्या पिशव्यांत भरून मागच्या गल्लीत नेऊन टाका, आणि हे सगळं सकाळी दहाच्या आत, अशी यादी फ्रिजवर चिकटवलेली असते काही घरांत. भांडी आम्ही धुतोच, कचराही नेतो, दुसऱ्याचं घर आहे ते नीट ठेवलंच पाहिजे. पण मग फी कसली घेताय? आता मी बुकिंगच्या आधीच होस्टला विचारते की निघताना आम्ही काय काय करून जायचंय. एकेकाचं उत्तर फार छान येतं, फक्त दार ओढून घ्या म्हणतात. त्या एका उत्तरावरून होस्ट कसा आहे ते बरंचसं कळतं.

रिव्ह्यूंवर किती विश्वास ठेवायचा, हा पुढचा प्रश्न. घरांच्या रिव्ह्यूत सगळ्यांनाच भरभरून स्टार असतात. बोस्टन युनिव्हर्सिटीच्या अभ्यासकांनी २०१५ मध्ये एअरबीएनबीच्या लाखो जागा तपासल्या तेव्हा जवळजवळ ९५ टक्के जागांचं सरासरी रेटिंग साडेचार किंवा पाच स्टार निघालं. हॉटेलांच्या रेटिंगमध्ये इतकी एकसारखी गोडी नव्हती. मला वाटतं कारण सरळ आहे, घरात आपण कुणाचे तरी पाहुणे असतो, तोही आपल्याबद्दल लिहिणार असतो, नाव माहीत असतं, मग वाईट लिहायला हात धजत नाही. एअरबीएनबीवर दोघांचं लिहून झाल्याशिवाय किंवा १४ दिवस उलटल्याशिवाय एकमेकांचं लिहिलेलं दिसत नाही अशी सोय आहे, तरी भीड ती भीडच. म्हणून घराच्या रिव्ह्यूत मी स्टार बघतच नाही, चार स्टारवाले शोधून वाचते आणि त्यातलं "पण" नंतरचं वाक्य वाचते. "सुंदर घर, पण जिना जरा उभा आहे" म्हणजे सासूबाईंना जमणार नाही. "मध्यवर्ती जागा, पण वीकेंडला थोडी जाग असते" म्हणजे खाली बार आहे. "होस्ट मेसेजला उत्तर देतो, कधी कधी उशिरा" हे वाचलं की पुढे जायचं. हॉटेलच्या बाबतीत उलट, तिथे लोक किरकोळ गोष्टींवरही तुटून पडतात, त्यामुळे गेल्या तीन महिन्यांचे रिव्ह्यू वाचून एकच तक्रार परत परत येतेय का एवढंच बघायचं. एकाने ढेकूण म्हटलं तर शंका घ्यायची, तिघांनी म्हटलं तर ते हॉटेल सोडायचं.

सुरक्षेचं मी आधी मनावर घ्यायचे नाही, मुलं झाल्यावर घ्यायला लागले. हॉटेलात दाराच्या मागे बाहेर पडायच्या वाटेचा नकाशा लावलेला असतो, धूर झाला तर वाजणारे अलार्म, जिन्याकडे हिरवा बोर्ड, हे सरकारी नियमांमुळे असतं आणि कुणीतरी ते तपासत असतं. घरात ते मालकाच्या मर्जीवर, आणि त्या गावच्या नियमांवर. बुकिंगच्या पानावर धुराचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे की नाही ते लिहिलेलं असतं, ते बघाच, विशेषतः गॅसवर पाणी तापवायची किंवा खोली गरम करायची सोय असेल तर, कारण त्या वायूला ना रंग ना वास, माणूस झोपेतच जातो. आम्ही हातात मावेल एवढा बॅटरीवरचा अलार्म विकत घेतलाय, चार्जरबरोबर बॅगेत असतो. पोचल्यावर आधी तो लावायचा, मग चपला काढायच्या, हे मुलांनाही पाठ झालंय. आणि कॅमेऱ्याचं म्हणाल तर एअरबीएनबीने ३० एप्रिल २०२४ पासून घराच्या आत कॅमेरे लावायला पूर्ण बंदी केलीय, बाहेर असेल तर आधी सांगायला लागतं. आत काही दिसलं तर फोटो काढा, लगेच कळवा, आणि तिथे राहू नका.

एकट्या बाईने प्रवास करताना तर मी हॉटेलच म्हणेन, यावर मला वाद घालायचा नाही. खोलीला आतून दुहेरी कडी, खाली माणूस, कॉरिडॉरमध्ये दिवे. घराची चावी याआधी किती जणांच्या हातात गेली हे तुम्हाला माहीत नसतं, दाराचा कोड प्रत्येक पाहुण्यानंतर बदलला का तेही माहीत नसतं. घ्यायचंच असेल तर कोड बदलता का हे थेट विचारा. चांगल्या होस्टला राग येत नाही.

आता त्या शाल पांघरलेल्या बाईंकडे परत येते, कारण त्या माझ्या डोक्यातून गेल्या नाहीत. आपण चार दिवस राहून जातो, त्या तिथेच राहतात. सुटकेसची चाकं जिन्यात रात्री दोनला वाजतात, चुकीची बेल दाबली जाते, कचरा चुकीच्या डब्यात जातो, आणि दर तीन दिवसांनी नवे चेहरे. २००७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत दोन मित्रांनी भाडं परवडेना म्हणून स्वतःच्याच खोलीत हवेच्या गाद्या टाकून पाहुणे ठेवले, त्यातून एअरबीएनबी उभी राहिली, तेव्हा यजमान घरात होता. आज कित्येक ठिकाणी यजमानच नाही, पेटी आहे आणि कोड आहे. आणि राहायला घर शोधणाऱ्या तिथल्या माणसांना ते घर मिळत नाही, ते आपल्याला मिळतं.

म्हणूनच शहरं आता कडक झालीत आणि बुकिंग करताना हे माहीत असणं तुमच्याही फायद्याचं आहे. न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबर २०२३ पासून ३० दिवसांपेक्षा कमी मुक्कामासाठी होस्टची नोंदणी लागते, होस्ट त्याच घरात राहत असावा लागतो आणि पाहुणे जास्तीत जास्त दोन, म्हणजे आमच्यासारख्या पाचजणांना तिथे हॉटेल हाच मार्ग. पॅरिसमध्ये माणूस स्वतःचं राहतं घर वर्षाला १२० दिवस देऊ शकायचा, ते २०२५ पासून ९० वर आणलं. ॲमस्टरडॅममध्ये बहुतेक भागांत ३० रात्री. जपानमध्ये २०१८ च्या कायद्याने वर्षाला १८० दिवसांची मर्यादा. फ्लॉरेन्सने जुन्या शहराच्या भागात त्या चावीच्या पेट्याच बंद केल्या. बार्सिलोनाने तर २०२४ मध्ये जाहीर केलं की नोव्हेंबर २०२८ पर्यंत तिथल्या १०,१०१ पर्यटक फ्लॅटचे परवाने संपू द्यायचे, पुन्हा द्यायचे नाहीत.

यातून एक सवय लावून घ्या. जिथे नोंदणी सक्तीची आहे तिथे घराच्या पानावर नंबर लिहिलेला असतो, तो शोधा. नसेल तर विचारा. उडवाउडवीचं उत्तर आलं, किंवा कुणी विचारलं तर आम्ही मित्र आहोत म्हणून सांगा असं म्हणाले, तर सोडून द्या, कारण बेकायदा घर ऐनवेळी बंद झालं की मुलंबाळं घेऊन रस्त्यावर आपण उभे राहतो. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाचं असं झालंय, जायच्या चार दिवस आधी घर साईटवरून गायब.

काही बिघडलंच तर काय करायचं तेही सांगते, कारण इथे लोक गप्प बसतात आणि पैसे घालवतात. हॉटेलमध्ये तक्रार तोंडी केली तरी चालते, तिथल्या तिथे करायची, घरी येऊन ईमेल करून फारसं हाती लागत नाही. घराच्या बाबतीत सगळं ॲपच्या मेसेजमध्येच लिहा, फोनवर बोलणं झालं तरी नंतर दोन ओळी लिहून ठेवा. एअरबीएनबीवर अडचण लक्षात आल्यापासून ७२ तासांच्या आत कळवावं लागतं, बाकीच्यांचे नियम वेगवेगळे असतात. त्या रात्री मी दाराशी चावी फिरवतानाचा व्हिडिओ काढला होता, वेळेसकट, म्हणून त्या ॲपवाल्यांनी एका रात्रीचे पैसे परत दिले. व्हिडिओ नसता तर काहीही मिळालं नसतं. घरात शिरल्या शिरल्या सगळ्या खोल्यांचा एक मिनिटाचा व्हिडिओ पण काढतेच, आधीच तुटलेलं काही असेल तर नंतर आपल्या माथी मारलं जाऊ नये म्हणून. आणि होस्टने ॲपच्या बाहेर पैसे पाठवा, स्वस्त पडेल असं म्हटलं तर कितीही गोड बोलत असला तरी नाही म्हणायचं, बाहेर गेलेल्या पैशाला कुणी वाली नाही.

कॅन्सल करायची वेळ येऊ शकते असं वाटत असेल, घरात कुणाची तब्येत वरखाली असेल, तर हॉटेलकडे झुका. बऱ्याच हॉटेलांत थोडे जास्त पैसे देऊन एक-दोन दिवस आधीपर्यंत फुकट कॅन्सल करायची सोय मिळते. घरांच्या अटी प्रत्येक होस्टच्या वेगळ्या आणि पुष्कळदा कडक, बुकिंगचं बटण दाबायच्या आधी तेवढा एक परिच्छेद शब्द न् शब्द वाचा.

या दोन्हींच्या मधला एक प्रकार आहे ज्याच्याबद्दल लोक फार कमी बोलतात, सर्व्हिस्ड अपार्टमेंट किंवा अपार्टहॉटेल. खाली रिसेप्शन, वर छोटं स्वैपाकघर, वेगळी झोपायची खोली, काही ठिकाणी वॉशिंग मशीन. नऊ दिवसांच्या घरातलं ते टेबल इथे मिळणार नाही, भिंतीवर तीच ठरावीक चित्रं, खिडकीतून हात करणारी मुलं नाहीत. पण मूल आठ वाजता झोपल्यावर दुसऱ्या खोलीत दिवा लावता येतो आणि रात्री एक वाजता दार उघडायला माणूस असतो. चार-पाच रात्रींसाठी, म्हणजे नेमकं जिथे हॉटेल की घर हे कळत नाही तिथे, मी आता आधी हे शोधते. मिळालं तर बाकी काही बघत नाही.

पुढच्या महिन्यातल्या ट्रिपचं बुकिंग परवाच केलं. विमान रात्री पोचतंय म्हणून पहिली रात्र स्टेशनजवळच्या साध्या हॉटेलात, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपासून आठ रात्री घर. होस्टला तीनच प्रश्न विचारले, मेन दाराची चावी शेवटची कधी चालवून बघितलीत, रात्री अडचण आली तर कुणाला फोन करायचा, आणि जिन्याला कठडा आहे का. दोन तासांत उत्तर आलं, शेजारीच राहणाऱ्या भावाचा नंबर दिला आणि सोबत जिन्याचा फोटो, दोन्ही बाजूंना कठडा. फोटो सासूबाईंना दाखवला. त्यांनी चष्मा लावून मोठा करून बघितला, पायऱ्या मोजल्या, चौदा आहेत म्हणाल्या, मग म्हणाल्या कर बुक.